मुंबईस गेल्यावर जेवावे कोठे?

गेल्या महिन्यात नागपूरच्या एका वाचकभगिनीचे पत्र मजकडे आले. पत्र लहान, अक्षर वळणदार आणि प्रश्न सरळ. येत्या मार्गशीर्षात त्यांच्या पुतणीचे लग्न दादरला आहे. घरची नऊ माणसे निघावयाची आहेत. त्यांत सासूबाई, दोन जावा आणि तीन मुले. लग्नाचे दोन दिवस झाल्यावर आणखी चार दिवस राहून मुंबई पाहावयाचा बेत आहे. मुलांस आणि वडील माणसांस घेऊन निःशंकपणे जावे अशी खाण्याजेवण्याची ठिकाणे मुंबईत कोणती, ती सदरातून कळवावीत, असे त्या लिहितात. शेवटी ताजा कलम आहे : सासूबाई बाहेरचे काही घेत नाहीत, त्यांच्यापुरता वरणभात मी उतरण्याच्या जागी टाकीन, बाकीची मंडळी जाऊन येतील.

मूळ प्रश्नाचे उत्तर कठीण नाही. या शहरात माझी जवळजवळ चार तपे गेली. ताज्या कलमाने मात्र मला दोन दिवस स्वस्थ बसू दिले नाही. त्याचे कारण पुढे सांगेन; आधी जे विचारले आहे ते सांगणे उचित.

मुंबई खाण्याची शौकीन खरी, परंतु तिचा मूळ ओढा घरच्या अन्नाकडे आहे, हे बाहेरच्या माणसास सहसा ठाऊक नसते. कचेरीत बसलेल्या माणसास स्वतःच्या घरचा डबा दुपारी गरम मिळावा म्हणून १८९० च्या सुमारास येथे डबेवाल्यांची व्यवस्था सुरू झाली आणि सव्वाशे वर्षे ओलांडून ती आजही चालू आहे. ज्या शहराने घरच्या पोळीभाजीसाठी एवढा खटाटोप केला, त्यास घराबाहेर जेवणे ही आरंभी चैन नव्हती; ती अडचण होती. गिरण्या, गोदी आणि रेल्वे यांत राबणारी बहुतेक माणसे बिऱ्हाड गावी ठेवून एकटी आलेली. त्यांस कोणीतरी रांधून घालणे अवश्य होते. त्या गरजेतून खाणावळ निघाली. उडुप्याचे भोजनगृह, काळबादेवीचे गुजराती भोजनालय आणि कोपऱ्यावरचा इराणी ही सारी तिचीच भावंडे. म्हणून पाहुण्यांस माझे पहिले सांगणे हे की, झगमगाट पाहून आत शिरू नये. परगावाहून आलेला माणूस जेथे वर्षानुवर्षे रोज जेवत आला आहे, तेथे जावे. रोज जेवणाऱ्याची जीभ फसत नाही आणि पोटही नाही.

आता क्रमाने सांगतो.

आपली मंडळी दादरलाच उतरणार. तेव्हा सकाळची न्याहारी तेथेच करावी. स्थानकाजवळ मामा काणे यांचे उपाहारगृह १९१० साली निघाले. तेथील बटाटेवड्याचे नाव माझ्या वडिलांच्या तोंडीही असे. गोखले मार्गावर ‘प्रकाश’ आहे. तेथील साबुदाणावडा बाहेरून खरपूस आणि आतून मऊ असतो. त्यावर पीयूष घ्यावे. शिवसेना भवनासमोर ‘आस्वाद’ आहे. तेथील मिसळीस २०१५ साली परदेशी मानसन्मानही मिळाला. तथापि घरातल्या वृद्धांस मिसळीपेक्षा थालीपीठ आणि लोणी अधिक मानवेल. सुटीच्या दिवशी या दोन्ही ठिकाणी बाहेर उभे राहावे लागते. नऊ माणसांनी एकाच मेजाचा आग्रह धरला तर तासभर मोडेल. चार आणि पाच असे विभागून बसावे.

दादर स्थानकाबाहेरच वडापावाचा जन्म झाला असे सांगतात, आणि त्याचे श्रेय १९६६ साली तेथे गाडी लावणाऱ्या अशोक वैद्य यांस दिले जाते. पाळीवर धावणाऱ्या गिरणी कामगारास बसून जेवावयास वेळ नसे. एका हातात मावेल असे अन्न त्यास मिळाले, हे त्या पदार्थाचे मर्म. मुले मागतील, द्यावा. समोर तळून निघालेला असला म्हणजे झाले.

गिरगावात गेलात तर चाळींचे जुने वळण अद्याप कोठे कोठे दिसेल. तेथे पणशीकरांकडे पीयूष आणि ‘विनय’मध्ये मिसळ असा परिपाठ आहे. तेथून जवळच काळबादेवीस ‘श्री ठाकर भोजनालय’ आहे. ते १९४५ सालचे. गुजराती थाळी. वाढपी फुलके, डाळ, कढी, फरसाण घेऊन अखंड फिरत असतात. आपल्या जिभेस डाळीतला गूळ किंचित अधिक वाटेल, परंतु दोन घासांत सवय होते. जिना चढावा लागतो, एवढे ध्यानात ठेवावे. आणि तेथे दुपारी जेवल्यावर रात्री केवळ ताक घ्यावे.

धोबीतलावास ‘कयानी’ हे इराण्याचे दुकान १९०४ सालापासून आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि पुढे इराणातून आलेल्या पारशी-इराणी लोकांनी मुंबईचे कोपरे धरले. इतर व्यापारी कोपऱ्याची जागा अशुभ मानीत, म्हणून त्यांस ती मिळाली असे सांगतात. मस्कापाव चहात बुडवून खाण्याचा सोहळा मुलांस अवश्य दाखवावा. तेथे अंडी आणि मांसाहारही असतो. ज्यांस ते चालत नाही त्यांनी जाणून जावे. परंतु मी तेथे वारंवार जातो, आणि त्याचे कारण मस्कापाव नव्हे. तेथे कोण कोठला हे न विचारता शेजारी बसण्याची चाल पूर्वीपासून आहे.

हे लिहिताना एक जुनी गोष्ट कबूल केली पाहिजे.

१९७९ साली मी रत्नागिरीकडून येऊन परळच्या एका शाळेत लागलो. वय एकवीस, मॅट्रिक आणि अध्यापनाची पदविका एवढी शिदोरी. वडिलांजवळ अमरकोश आणि लघुकौमुदी झालेली, म्हणून स्वतःविषयी समज थोडी अधिक. पगारात परवडेल अशी जेवणाची सोय एकच होती : एका चाळीतल्या बाईंची खाणावळ. बाई साताऱ्याकडच्या, नवरा गिरणीत साच्यावर. दहा बाय बाराच्या खोलीत दोन पाळ्यांनी वीस माणसे जेवीत. आम्ही सारे त्यांस मावशी म्हणत असू. मासळीच्या दिवशी त्या माझ्याकरिता आमटीचे भांडे वेगळे ठेवीत आणि पळीही वेगळी. मी कधी सांगितले नव्हते. पहिल्याच आठवड्यात माझे जेवण पाहून त्यांनी ते ताडले होते.

आणि मी घरी पत्रात काय लिहीत असे? ‘आपल्यांतल्याच एका घरी जेवणाची व्यवस्था झाली आहे.’ आई ते पत्र शेजाऱ्यांस वाचून दाखवी. ती गेली तेव्हाही तिला खरे ठाऊक नव्हते. मावशींकडे जेवलो याची मला कधीच लाज वाटली नाही; ते वाक्य लिहिल्याची आज वाटते.

जुन्या उपाहारगृहांच्या पाट्यांवर मालकाची जात लिहिलेली असे, कारण कोणाच्या हातचे आहे हे कळल्यावाचून गिऱ्हाईक आत येत नसे. २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या आपल्या संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात सार्वजनिक उपाहारगृहांचा नाव घेऊन उल्लेख आहे : धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून तेथे कोणास मज्जाव करता येत नाही. पाट्या पुढे उतरल्या. माझ्या मनातली पाटी मात्र १९७९ सालीही जागच्या जागी होती. मावशींची आमटी खात असता ती मी घरच्या पत्रात टांगीत होतो.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांतले पुष्कळ पुन्हा आत गेलेच नाहीत. मावशींच्या वीस माणसांतली बारा गावी परतली. उरलेल्यांजवळ द्यावयास पैसे नव्हते. त्यांनी वही मिटली नाही आणि चूलही विझवली नाही. हातातल्या पाटल्या गेल्या, आणि त्याविषयी कोणी विचारले तर त्या भाजी आणावयास उठून जात. अशा बायांस सावकाराच्या दारी जावे लागू नये, बँकेचे कर्ज मिळावे, म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले होते. त्यायोगे पुष्कळ जणी तरल्या. आमच्या मावशी तेथवर पोहोचल्या नाहीत. १९८४ साली त्याही गावी गेल्या.

त्या दिवसांतली एक रात्र मला विसरता येत नाही. शाळेच्या तपासणीचे काम लांबल्याने मी साडेदहास पोहोचलो. मावशी भिंतीकडे तोंड करून जेवीत होत्या. ताटात अर्धी भाकरी आणि पातेल्याच्या बुडाची करपलेली आमटी. मला पाहताच त्यांनी ताट बाजूस सारले आणि माझ्याकरिता झाकून ठेवलेले जेवण वाढले. तीन वर्षे मी तेथे रोज दोन वेळा जेवत होतो. पण मावशी केव्हा जेवतात आणि काय जेवतात, हा प्रश्न त्या रात्रीपर्यंत माझ्या मनात आला नव्हता.

वाचकांस वाटेल की तेवढ्याने मी शहाणा झालो असेन. तसे झाले नाही. १९८५ साली माझे लग्न झाले. मुले झाली, सून आली. आमच्या घरी बाहेरचे खाणे वर्ज्य नव्हते, परंतु ते प्रायः मुलांचे आणि माझे. सौभाग्यवती म्हणत, ‘तुम्ही जाऊन या, मला काही नको.’ मी त्यास त्यांची आवड समजलो. माणसाला जे सोयीचे असते ते तो दुसऱ्याची आवड म्हणून सहज मान्य करतो.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात त्या जिन्यावरून पडल्या आणि उजव्या मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे प्लास्टर. सून नोकरीस जाते; मला चहापलीकडे काही येत नाही. चौथ्या दिवशी घरातले सारे डबे रिकामे झाले, तेव्हा मी त्यांस म्हणालो, ‘चल, माटुंग्यास जाऊ.’ त्या एवढेच म्हणाल्या, ‘अहो, या हाताने?’

माटुंगा ही वस्तीच मुळी परगावच्या माणसांची. १८९६ च्या प्लेगानंतर १८९८ साली स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर आणि माटुंगा आखून वसवले, आणि दक्षिणेकडून नोकरीस आलेले लोक तेथे राहू लागले. त्यांच्यामागून उडुप्यांची भोजनगृहे आली. ‘रामाश्रय’ १९३९ चे, ‘कॅफे मद्रास’ १९४० चे. पोरवयात उडुपीकडून मुंबईस आलेल्या रामा नायक यांनी १९४२ साली ‘श्रीकृष्ण बोर्डिंग’ काढले. माटुंग्याच्या मध्य रेल्वे स्थानकाजवळ बाजाराच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर ते आजही आहे. केळीच्या पानावर पुरी, दोन भाज्या, कोशिंबीर, पापड, भात, सांबार, रसम् आणि ताक; पाहिजे तितके घ्यावे, मात्र पानात टाकू नये.

आम्ही बसलो. वाढप्याने पाने मांडली, सौभाग्यवतींच्या हाताकडे एकदा पाहिले, आणि काही न बोलता त्यांच्या डाव्या बाजूस एक चमचा आणून ठेवला. त्यांस संकोच वाटला. पंगतीत डाव्या हाताने जेवावयाचे! मी भात कालवून दिला. अडतीस वर्षांत प्रथमच. आणि तोही सैल झाला. तेवढ्यात गरम पुऱ्या आल्या. वाढप्याने त्यांच्या पानावर दोन टाकल्या. त्यांनी चमच्याने त्यांतली फुगलेली पुरी माझ्या पानाकडे लोटली. वाढपी हसला आणि त्याने तेथे दुसरी ठेवली. हे दोनदा झाले. तिसऱ्या वेळी मी पानावर हात आडवा धरला.

मग त्यांनी भाजीचा घास घेतला आणि थोड्या वेळाने, जणू काही सहज, म्हणाल्या, ‘भाजी गरम आहे हो.’

मला त्यावर उत्तर सुचले नाही. भाजी गरम असणार. त्यात सांगण्यासारखे काय, असा पहिला विचार आला. दुसरा विचार येईपर्यंत माझा घास हातात राहिला. आमच्या घरात रोज दोन वेळा तीच भाजी त्या करीत होत्या, आणि गरम खात होतो आम्ही. मीठ कमी पडले तर ते मी पहिल्या घासास सांगत असे. पुरते की नाही हे विचारीत नसे. परळच्या खोलीतले करपलेले पातेले त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले.

संस्कृत शिकवणाऱ्याला अशा वेळी ग्रंथ आठवतो; ही खोड जात नाही. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात भोजनाचा क्रम सांगितला आहे. नव्या सुना, कुमारिका, रोगी आणि गर्भवती यांस अतिथींच्याही आधी वाढावे. अतिथी आणि सेवक जेवले म्हणजे उरलेले अन्न दंपतीने घ्यावे, असे तेथे म्हटले आहे. दंपती हा शब्द द्विवचनी, आणि पुढचे क्रियापदही द्विवचनी. शेवटी जेवावयाचे ते दोघांनी. आपण पुरुषांनी त्या द्विवचनातून अलगद पाय काढून घेतला आणि शेवटचे पान एकवचनी करून टाकले. त्याच ग्रंथाच्या चौथ्या अध्यायात पत्नीबरोबर जेवू नये असेही वचन आहे, हे मी लपवीत नाही. शास्त्रात दोन्हीकडची वचने असतात. त्यांतले कोणते उचलले आणि कोणते विसरलो, यावरून आपली पारख होते.

कोणी म्हणेल, ‘मास्तर, मग घरीच बायकांस आधी वाढा, भोजनगृहाचे एवढे माहात्म्य कशास?’ हरकत रास्त आहे. आमच्या घरी आता रविवारी पोळ्या मुलगा लाटतो. भाजी मी करतो, ती खावी लागते, आणि सर्वजण एकदम बसतात. परंतु ज्या बाईचा जन्म वाढण्यात गेला तिला स्वतःच्या घरात बसून जेवणे फार कठीण जाते. तिचा कान चुलीकडे, डोळा दुसऱ्याच्या ताटाकडे. काही कमी दिसले की ती उठणारच. भोजनगृहात तिला उठता येत नाही. तेथले पातेले तिचे नसते. म्हणून घासभर का होईना, ती निवांत असते. या एका कारणासाठी मी भोजनगृहास आता चैन म्हणत नाही.

म्हणून नागपूरच्या भगिनींस माझे उत्तर असे. सासूबाईंस सोवळ्याचे काही व्रत असेल तर ते त्यांचे; त्यास माझा नमस्कार, त्यावर वाद घालू नये. परंतु ‘बाहेरचे घेत नाही’ म्हणजे खरोखर काय, ते एकदा त्यांनाच विचारावे. आपल्या घरांत पुष्कळदा त्याचा अर्थ एवढाच असतो की, आजवर कोणी ‘चला’ म्हणून हात धरलेला नाही. त्यांस माटुंग्यास न्यावे. दुपारी साडेअकराच्या आत गेल्यास गर्दी चुकते. जिना सावकाश चढवावा. केळीचे पान पाहिल्यावर निम्मा संकोच जाईल. आणि आपण त्यांच्या शेजारच्या पानावर बसावे. खोलीवर वरणभात टाकावयाचा नाही. मुंबई पाहावयास नऊ माणसे निघत आहेत. त्यांत आपणही एक आहात.

दुसरी सूचना घरच्या पुरुषांस. बिल देऊन मोकळे होऊ नये. काय मागवावे हे आधी बायकांस विचारावे आणि ‘काहीही चालेल’ या उत्तराने समाधान मानू नये. ते उत्तर त्यांस आपणच शिकवले आहे. वाढप्यास ‘अरे’ म्हणून हाक मारू नये. तोही बहुधा घर दूर ठेवून आलेला असतो, आणि सर्वांची जेवणे आटोपल्यावरच त्याचे पान मांडले जाते.

जाता जाता एक शुद्धलेखनाची गोष्ट. खाण्याच्या दुकानांवर ‘उपहारगृह’ अशी पाटी पुष्कळ ठिकाणी दिसते. वर्गात मी मुलांस नेहमी सांगत असे की, ही चूक आहे. उपाहार म्हणजे अल्पसा आहार, फराळ; उपहार म्हणजे भेट, नजराणा. दुकान फराळाचे, तेव्हा पाटीवर काना हवाच. व्याकरण म्हणून माझे मत आजही तेच आहे. मात्र माटुंग्याहून परतताना दादरला तसली एक पाटी दिसली. सवयीने मी सौभाग्यवतींस चूक दाखवावयास हात वर केला, आणि खाली घेतला. त्या दिवशी मला तो शब्द बरोबर वाटला.